सत्काराचं तबक

ही गोष्ट सांगायचं मी कित्येक वर्षं टाळलं. परळला आमच्या बालमेंदूविकार संस्थेत एक डॉक्टरबाई यायच्या. फिट येणाऱ्या मुलांवर त्यांचं संशोधन. मुलांना तपासताना स्वतःच जमिनीवर रांगायच्या, आणि हसल्या की खाली चहावाल्याला ऐकू जायचं.

संशोधकांच्या सत्कारात नावं पुकारायचं काम माझ्याकडे होतं. शाल-नारळाचं तबक धरायला बाईमाणूस, या सवयीने मी ते त्यांच्याच हातात दिलं आणि नाव पुकारलं ते एकट्या त्यांच्या विभागप्रमुख साहेबांचं. निम्म्याहून जास्त काम बाईंचं, हे मला ठाऊक होतं. बाई ताठ उभ्या राहिल्या. नंतर साहेबांना म्हणाल्या, "सर, शाल तुमची, नारळ माझा! वॉर्डातल्या पोरांना वड्या करते." सगळे हसले. मीही हसलो.

परवा दादरला बाजारात भेटल्या.

"डॉक्टर, त्या सत्काराच्या दिवशी मी..."

"काका, आधी तोंड उघडा!" त्यांनी पेढा कोंबला. "आपली काळाचौकीची पोर, फिट थांबल्या तिच्या! शाळेत जायला लागली!"

पेढा गिळेपर्यंत बाई गर्दीत दिसेनाशा झाल्या. 'चुकलं माझं' एवढंच म्हणायचं होतं.