गोरखच्या आईचं नाव

कुशाबाई पिंपळवंडीला आली ती पाट लावून. पहिला नवरा सोमाजी भीमाशंकराकडच्या एका गावचा. त्यांची पोर अजून रांगायलाही लागली नव्हती, तोच तो तापानं गेला. सासरच्यांनी बाईला माहेरी धाडलं आणि पोर ठेवून घेतली. तिचं नाव साळू. मग वडिलांनी कुशाबाईला पिंपळवंडीच्या रखमाजीला दिली. रखमाजीची पहिली बायको तुळसाबाई मूलबाळ न होताच वारली होती. विधवेचं दुसरं लग्न, त्यामुळं ना मांडव ना वाजंत्री.

पुढं गोरख झाला. रखमाजी गेला. गोरखनं आळेफाट्याला ट्रकचं गॅरेज टाकलं, त्याची लेक श्रेया कॉलेजात जाऊ लागली. साळू मोठी होऊन ओतूरला नांदत होती, वर्षातून एकदोनदा यायची. गावात तिची ओळख कुशाबाईची भाची अशीच होती. भावकीनं तसं ठरवलं होतं, आणि कुशाबाई गप बसली होती.

२००७ साली रखमाजीचा पुतण्या सयाजी, जो पुण्यात नोकरीला होता, त्याला इंटरनेटवर वंशावळ मांडायची एक फुकटातली साइट सापडली. त्यानं सात पिढ्या त्यात भरल्या आणि सगळ्या भावकीला पासवर्ड कळवला. काही चुकलं असेल तर ज्यानंत्यानं दुरुस्त करावं, असा निरोपही दिला.

बाजाराच्या दिवशी श्रेया आजीला आळेफाट्याच्या शाहनवाजच्या सायबर कॅफेत घेऊन गेली.

"हे बघ आजी, हे आजोबा. त्यांच्याखाली पप्पा."

"आन् मी कुठंय?"

श्रेयानं खालीवर शोधलं. गोरखच्या वर रखमाजीशेजारी तुळसाबाईचं नाव होतं. कुशाबाई कुठंच नव्हती.

"गोरख व्हायच्या आदीच मेली ती," कुशाबाई म्हणाली. "माजा पोरगा मेलेल्या बाईच्या पोटी घातला व्हय?"

शाहनवाज उठून आला. "चुकून झालं असेल आजी. आत्ता बदलता येतं."

"चुकून न्हाई झालं. पोरी, माजं नाव लिही. माज्या दुसऱ्या बाजूला सोमाजी लिही, त्येच्याखाली साळू."

श्रेयाची बोटं थांबली. "साळूआत्या? ती तर तुझी भाची ना?"

"माजी लेक हाय. लिही."

पुढच्या बाजाराला पाहिलं तर सगळं पुसलेलं. कुशाबाईनं परत लिहायला लावलं. तेही पुसलं गेलं. तिसऱ्यांदा लिहिलं तेव्हा सयाजी पुण्याहून थेट घरी आला.

"काकी, तुमचा अपमान करायचा नव्हता," तो चहाचा कप हातात घेऊन म्हणाला. "पण पाटाची गोष्ट चारचौघांत कशाला? उद्या श्रेयाला स्थळं बघायची. लोक आता नेटवर सगळं बघतात. फार तर तुमचं नाव राहू देतो. ते पहिलं घर आणि साळूबाई तेवढी काढा."

"सयाजी, तुजी आई बाळंतपणात अंथरुणाला खिळली तवा तुला न्हाऊमाखू कुनी घातलं?"

"तुम्हीच."

"तवा न्हाई इटाळ झाला. माजी लेक काढायची न्हाई."

सयाजीनं पुण्याला जाऊन पासवर्ड बदलला. कुशाबाई शाहनवाजकडं गेली तर पान उघडेना.

"आता काय करायचं आजी?"

"दुसरी वंशावळ काढता येती का?"

"येते की. फुकटच आहे. पण सुरुवात कुणापासून करायची? सगळ्यात वर कुणाला घालू?"

"मला."

शाहनवाजनं तसंच केलं. वर कुशाबाई, एका अंगाला सोमाजी आणि साळू, दुसऱ्या अंगाला रखमाजी आणि गोरख. श्रेयानं ओतूरला फोन लावून साळूआत्याची पोरं, सुना, नातवंडं विचारून घेतली. साळूनं एकेकाचं नाव सांगितलं. मग म्हणाली, "आईला इचार, मी आता गावात आल्यावर तिला काय म्हनू?"

"आई म्हन म्हनावं," कुशाबाईनं शेजारूनच सांगितलं.

श्रेयाला नारायणगावचं स्थळ आलं तेव्हा साळू घरात होती. पाहुण्यांनी विचारलं, "या कोण?" सयाजीही होता. तो काही बोलायच्या आत कुशाबाई म्हणाली, "माजी थोरली लेक. पैल्या घरची."

चार दिवसांनी नकार आला.

"सांगितलं होतं काकी," सयाजी म्हणाला.

त्या दिवशी कुशाबाई पहिल्यांदा आतून हलली. जेवली नाही. श्रेयाजवळ जाऊन बसली. "माज्यापायी तुजं मोडलं."

श्रेया वेणी घालत होती. "आजी, तुला दडवून मला ज्या घरात जायला लागेल तिथं मी जाणारच नव्हते. तू आता जेव."

श्रेयाचं लग्न पुढं जमलं ते राजगुरुनगरकडच्या मुलाशी. त्याच्या घरच्यांना कुशाबाईनं पहिल्याच बैठकीत सगळं सांगून टाकलं. त्यांच्यातल्या म्हातारीनं एवढंच विचारलं, "पोर ठिवून घेतली तवा तुमी कशा जगला?"

सयाजीच्या वंशावळीत गोरखच्या वर अजून तुळसाबाईच आहे. कुशाबाईनं पुन्हा त्याची चौकशी केली नाही. लग्नात मात्र आहेराच्या वेळी तिनं माईक धरलेल्याला बोलावून घेतलं आणि सांगितलं तसंच पुकारायला लावलं: नवरीची थोरली आत्या, साळूबाई सोमाजी, हिनं पुढं यावं. भावकी पुढच्याच रांगेत बसली होती. साळू पदर सावरत उठली, आणि कुशाबाईनं सगळ्यांच्या देखत तिच्या ओटीत पहिलं लुगडं घातलं.