आग्रह करणारा प्रोग्राम

माझ्या अकलेचं दिवाळं कसं निघालं ते ऐकायचंय? मग चहा पुरवून पुरवून प्या.

मी वैशाली नगरात घरी बसून सॉफ्टवेअर लिहितो. दोन दुकानांचे दोन प्रोग्राम आपसांत बोलणी करतात. एक काम मागतो, दुसरा हो म्हणतो नाहीतर नाही म्हणतो. कोणी कोणाचा मालक नाही. पण एकदा हो म्हटलं की करार झाला.

बहिणीचा साखरपुडा ठरला. जेवणाचं माझ्याकडे आलं. हुडको कॉलनीतले बबनकाका जेवणाच्या ऑर्डरी घेतात, त्यांचाही प्रोग्राम मीच लिहिलेला. आता आपल्यात पहिल्या 'नाही'ला विचारतं कोण? पाहुणा नको म्हणतो, आपण वाढतो, तो खातो. तीच रीत मी दोघांत घातली. माझा प्रोग्राम आग्रह करणार, काकांचा दोन-तीनदा आढेवेढे घेऊन हो म्हणणार. काय अभिमान वाटला होता मला स्वतःचा!

झालंही तसंच. करार पक्का. मग फोन कशाला करायचा?

साखरपुड्याला गोंदियाहून मुलाकडची मंडळी आली, अंगठ्या झाल्या, जेवणाचा पत्ता नाही. काकांना फोन लावला, तर ते मरोद्याला दुसऱ्याच्या लग्नात वाढत होते.

"मी तं तारीख बंद करून ठेवली होती बाप्पा. माहं मशीन नाही म्हणलं असंन ना?"

"पहिले नाही म्हणलं, काका. मंग हो म्हणलं."

"कावून?"

का, तर मीच तसं लिहिलं होतं. मी फोन ठेवला.

बाबांनी धावपळ करून हॉटेलातून पुरी-भाजी आणली. आई माझ्याकडे बघेना. मी कानाला खडा लावला: यापुढे नाही म्हणजे नाही.

पंगत बसली. मी पुऱ्या घेऊन व्याह्यांपुढे वाकलो. "राहू द्या, भूक नाही," ते म्हणाले. मी मान डोलावली आणि पुढे सरकलो. त्यांचं पाहून सगळी पंगत नको म्हणाली. मी प्रत्येकाचा शब्द पाळला आणि भरलेली परात घेऊन आत आलो.

"इतक्या लवकर जेवले सारे?" बहिणीनं विचारलं.

"नाही म्हणले."

तिनं परात हिसकावली, बाहेर गेली आणि हात जोडून एकेकाला वाढलं. व्याह्यांनी नको नको म्हणत ताट भरून पुऱ्या खाल्ल्या. सोयरीक वाचली.

आता लग्न आलंय. मी काय काम करू, असं बाबांना विचारलं. म्हणाले, "काहीच नोको करू." मी आग्रह केला. पुन्हा केला. ते हलले नाहीत.

त्यांचा प्रोग्राम मी लिहिलेला नाही ना.