रुमाल टाकलेला बाक

आमच्या मैदानावर सकाळी येणारी काही मंडळी आधी बाकावर रुमाल टाकून जागा धरतात आणि मग एक फेरी मारायला निघतात. व्यायामाला यायचं आणि पहिली काळजी कसली, तर बसण्याची! फेरी कशीबशी उरकली की त्याच रुमालांवर बसून जगाला आरोग्य शिकवायचं.

सध्या त्यांच्या तावडीत आमच्या शेजारच्या सुमनताई सापडल्या आहेत. साठीला आलेल्या या बाईंनी यंदा पहिल्यांदाच पळायचे बूट घेतले. ओढणी कमरेला खोचून त्या एका झाडापासून पुढच्या झाडापर्यंत धावतात, धाप लागली की चालतात आणि पुन्हा धावतात.

"ताई, गुडघे जातील हो या वयात!" बाकावरून सल्ला येतो. सल्ला देणाऱ्याला स्वतः उठताना शेजाऱ्याचा खांदा लागतो.

मला वाटतं, म्हातारपण गुडघ्यात उतरायच्या आधी तोंडात उतरतं. 'आता या वयात' हे शब्द ज्याच्या तोंडात बसले, त्याचे गुडघे तेव्हाच गेले.

आज सुमनताई पुढच्या झाडापाशी थांबल्याच नाहीत. तशाच धावत थेट फाटकापर्यंत गेल्या. बाकावरचा एक जण म्हणाला, "पण स्पीड काहीच नाही."

सगळे हसले, रुमाल झटकले आणि फाटकाबाहेरच्या पोह्यांच्या गाडीकडे निघाले. तेवढ्यात सुमनताई फाटकाला हात लावून परतही आल्या. मंडळी अर्ध्या वाटेत झाडाला टेकून उभी होती. दम लागला होता.