मुलींच्या संघाला हॉल मिळाला तेव्हा

मी मास्टर्स करायला टिलबर्ग या डच शहरात आले तेव्हा विद्यापीठात मुलींचा बास्केटबॉलचा संघच नव्हता. मुलांचा क्लब होता, जुना, चषकांनी भरलेलं काचेचं कपाट असलेला. मी पुण्यात कॉलेजकडून खेळलेली. माझ्यासोबत घरात राहणारी नाशिकची मुलगीही शाळेपासून खेळणारी. आम्ही दोघी क्लबच्या सेक्रेटरीला भेटलो. तो म्हणाला, "मुली येतील असं वाटत नाही. पण जमवून बघा."

आम्ही जमवलं. कॅन्टीनमध्ये एखादी उंच मुलगी दिसली की माझी मैत्रीण थेट तिच्या टेबलाशी जाऊन बसायची. मला भीड वाटायची, तिला कधीच नाही. एक हंगेरीची, दोन सुरिनामी बहिणी, काही डच मुली, असा संघ उभा राहिला. हॉल मात्र मुलांसाठी राखलेला. आम्ही विद्यार्थी वसाहतीमागच्या उघड्या कोर्टवर खेळायचो. पाऊस थांबला की मी घरातला वायपर सायकलला बांधून पुढे जायची आणि पाणी ओढून ठेवायची. जर्सी मुलांच्या टाकून दिलेल्या. माझी तर गुडघ्यापर्यंत यायची. रविवारी कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत आम्ही दोघी त्या जर्सी काखेतून आत घेत बसायचो. परदेशात मला बहीण मिळाली, असं मी तेव्हा आईला फोनवर सांगितलं होतं.

हिवाळ्यात माझा गुडघा धरला. हाउसआर्ट्सनं, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरनं, नेहमीप्रमाणे पॅरासिटामॉल आणि आराम सांगितला. मी ते फक्त मैत्रिणीला सांगितलं.

"संघात बोलू नकोस गं. उगाच घाबरतील सगळ्या."

"वेडी आहेस का? मी कशाला बोलतेय," ती म्हणाली आणि शेकायला गरम पाण्याची पिशवी भरून घेऊन आली. उन्हं परतली तोवर गुडघा बरा झाला. मी पूर्वीसारखी पळायला लागले. तीच माझ्यासोबत पळायची.

मग ब्रेडा शहराच्या एका संघाशी आमचा मैत्रीपूर्ण सामना झाला आणि आम्ही तो जिंकलो. क्लबची माणसं बघायला आली होती. नंतर त्यांनीच निरोप पाठवला, की मुलींचा संघ क्लबमध्ये घेऊ, हॉल देऊ, प्रशिक्षक देऊ, लीगमध्ये उतरवू. माझं प्रबंधाचं काम अंगावर आलं होतं, म्हणून बैठकांना ती एकटीच जायची. घरी आली की मी विचारायची, "काय ठरलं?"

"अजून नुसतं बोलणंच चाललंय," ती सांगायची.

एका संध्याकाळी हॉलमध्ये पहिला सराव आहे असं मला संघाच्या ग्रुपवरून कळलं. मी आत गेले तर सगळ्यांच्या अंगात नव्या निळ्या जर्सी होत्या. हंगेरीच्या मुलीनं मला पाहिलं आणि मान फिरवली. नवा प्रशिक्षक पुढे आला आणि माझा हात हातात घेऊन अगदी मायेनं म्हणाला, "तुझ्या गुडघ्याचं कळलं. वाईट वाटलं. लीगमध्ये तुला धोका नको. पण संघासोबत मदतीला नक्की ये."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुमच्या कॅप्टननं," तो म्हणाला.

कॅप्टन, म्हणजे माझी मैत्रीण, बाकावर बसून बुटाची नाडी बांधत होती. तिनं वर पाहिलं नाही. मी बॅग उचलली आणि बाहेर पडले.

घरी स्वयंपाकघरात मी तिची वाट बघत बसले. ती आली, जॅकेट न काढता उभी राहिली.

"गुडघा बरा झालाय, हे तुला माहीत होतं," मी म्हणाले.

"हो."

"मग?"

"आपल्यापैकी एकीच्या जागेवर त्यांना एक डच मुलगी आणायची होती. दोघींपैकी एकच राहणार होती. मी बोलले नसते तर मला काढलं असतं."

"मला विचारायचंस ना. मी सोडली असती जागा."

"माहितीये," ती म्हणाली. "म्हणूनच नाही विचारलं. तू दिलेली जागा मला नको होती."

हे मी तेव्हा समजू शकले नाही. आज समजतं, पण त्यानं काही हलकं होत नाही.

भाडेकरार संपेपर्यंत आम्ही त्याच घरात राहिलो. फ्रिजमधले कप्पे वेगळे झाले, जेवायच्या वेळा वेगळ्या झाल्या. सुरिनामी बहिणींपैकी धाकटी एकदा भेटायला आली. तू स्वतःहून थांबलीस असं आम्हाला सांगितलं होतं, म्हणाली, आणि रडली. संघ लीगमध्ये चांगला खेळला म्हणे. मी एकही सामना पाहिला नाही, आणि त्यानंतर चेंडूही हातात घेतला नाही.

आता मी आइंडहोव्हनला नोकरी करते, ती डीमनला असते. गेल्या वर्षी रायस्वाइकच्या मराठी मंडळाच्या गणपतीत समोरासमोर आलो. तिच्यासोबत तिची मुलगी होती, बास्केटबॉल शिकणारी. मी खेळाचं विचारलं तशी ती मुलगी माझ्याशी डचमध्ये बोलली, "आईनं तिच्या कॉलेजात मुलींचा पहिला संघ काढला. एकटीनं."

मैत्रीण हातातल्या ताटलीकडे बघत राहिली. मला वाटलं, निदान आता तरी ती काही बोलेल.

"एकटीनं नाही," मी त्या मुलीला मराठीत सांगितलं. "आम्ही दोघींनी काढला."

मुलीनं आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "चल, आरती सुरू होईल," आणि तिचा हात धरून गर्दीत पुढे गेली.