आधी समोरच्याचे म्हणणे

आहेरबाई आमच्या विधी महाविद्यालयात रुजू झाल्या, त्याच आठवड्यात ग्रंथालयातल्या निवाड्यांच्या एका जाड खंडाची सहा पाने कोणीतरी ब्लेडने कापून नेली होती. मी तिथे शिपाई होतो, शिक्षण सातवीपर्यंत. आळ माझ्यावरच येणार या धास्तीने मी तो खंड दोन दिवस कपाटामागे दडवला. नेमका तोच बाईंनी मागितला. मी काय सबबी सांगितल्या ते आठवत नाही. त्यांनी एवढेच विचारले, "भाऊ, कोणती पानं गेली ते सांगता येईल?" शनिवारी त्यांनी वकिलांच्या ग्रंथालयात बसून ती सहाही पाने हाताने उतरवून आणली, आणि डिंकाची बाटली घेऊन माझ्याशेजारी बसून चिकटवली. चोर कोण, हे त्यांनी कधी विचारले नाही.

डॉ. इंदुमती आहेर यांना आता पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात मोठमोठे वकील आणि प्राध्यापक लिहीत आहेत, त्यांच्यात माझे लिखाण शोभेल का, ही काळजी मला आहेच. पण माझ्या निवृत्तीनंतरची अकरा वर्षे मी बाईंचा ब्लॉग टाईप करतो आहे, म्हणून हे धाडस करतो.

ब्लॉग म्हणजे इंटरनेटवरची त्यांची वहीच. कायदा आणि धर्म यांचे कुठे पटते आणि कुठे फाटते, यावर बाई तिथे मराठीत लिहितात. बाहेरगावचे आणखी चार-पाच प्राध्यापक आपापल्या ब्लॉगवर त्यांना उत्तरे देतात. मालेगावचे प्रा. शेख हे त्यांतले सर्वांत तिखट. बाईंचे मत असे की, 'ही माझ्या धर्माची प्रथा आहे' म्हणत कोणी न्यायालयात आला, तर ती प्रथा त्या धर्मात खरोखर अत्यावश्यक आहे का, हे न्यायाधीशांनी तपासले पाहिजे. नाहीतर धर्माच्या नावावर काहीही खपेल. शेख सरांचे म्हणणे उलट. कोणाचा धर्म काय, हे न्यायाधीशांनी त्याला शिकवू नये. त्या प्रथेने कोणाचे नुकसान होते का, तेवढेच पाहावे.

या वादात बाईंचा एक शिरस्ता आहे. उत्तर लिहिण्याआधी त्या समोरच्याचे म्हणणे स्वतःच्या शब्दांत मांडतात आणि त्याला पाठवतात. 'होय, मला हेच म्हणायचे आहे' असा त्याचा होकार आला की मगच स्वतःचे उत्तर लिहितात, आणि दोन्ही एकत्र प्रसिद्ध करतात. मजकूर आधी मला मोठ्याने वाचावा लागतो. जिथे मी अडखळेन ते वाक्य त्या बदलतात. "तुम्ही अडलात म्हणजे मीच नीट लिहिलं नाही," असे म्हणतात.

गेल्या वर्षी माझ्या हातून मोठी चूक झाली. पुतणीच्या लग्नासाठी मी चार दिवस कळवणला गेलो होतो. परत येऊन बाईंच्या घरी गेलो तर बाई डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलेल्या, आणि टेबलावर त्यांच्या अक्षरातली सात पाने. वर मथळा नव्हता. मी ती वाचली, एकदाही अडलो नाही. टाईप करून प्रसिद्ध केली आणि पंचवटीत घरी जेवायला गेलो.

ते शेख सरांचे म्हणणे होते. बाईंचे उत्तर अजून लिहायचेच होते.

चार वाजेपर्यंत गोंधळ उडाला. पुण्याच्या एका विद्वानांनी आपल्या ब्लॉगवर 'आहेरबाईंची माघार' असा लेख टाकला. बाईंचे जुने विद्यार्थी, आज स्वतः वकिली करणारे, फोनवर विचारू लागले की मॅडम, तीस वर्षे वर्गात जे शिकवलेत त्याचे आता काय करायचे. एकाने तर पुस्तके रद्दीत देऊ का, असा टोमणा मारला. बाईंनी आयुष्यभर जपलेला शब्द माझ्या एका बोटाने गेला होता. मी त्यांच्या घरी पोहोचलो तो चप्पल न काढताच आत गेलो. आत्ता पुसून टाकतो, म्हणालो.

"थांबा. तुम्हाला ते माझं का वाटलं?"

मी खरे ते सांगितले. माझी पत्नी सरूबाई हिचे पित्ताशयाचे ऑपरेशन होते तेव्हाची गोष्ट. तिच्या दंडावर कुलदेवीचा गंडा होता. नर्स म्हणाली, काढा. ही काढू देईना. डॉक्टर विचारू लागले की हे तुमच्या धर्मात लागतंच का. सरू रडू लागली. आहेरबाई डबा घेऊन आल्या होत्या. त्यांनी धर्माचे नावच काढले नाही. नर्सला विचारले, "याने ऑपरेशनला अडथळा येतो का?" नर्स म्हणाली, धातू नसेल तर वरून पट्टी बांधता येईल. पट्टी बांधली आणि सरूला आत नेले. ती सात पाने वाचताना मला तोच दिवस दिसला. म्हणून वाटले, बाईंचेच मत आहे.

बाईंनी ती सात पाने पुन्हा हातात घेतली. मग म्हणाल्या, "मी असं केलं होतं, हे मी विसरलेच होते."

तेवढ्यात शेख सरांचा फोन आला. बाईंनी तो मलाही ऐकू येईल असा लावला. ते म्हणाले, "बाई, माझी बाजू तुम्ही माझ्यापेक्षा चांगली मांडलीत. पण ही फुकटची जीत घेऊन मी काय करू?" त्याच संध्याकाळी त्यांनी आपल्या ब्लॉगवर लिहिले की हे मत माझे आहे, बाईंचे उत्तर यायचे आहे, तोवर कोणी निकाल लावू नये.

ते उत्तर यायला तीन आठवडे लागले. आधीचा मजकूर बाईंनी मला पुसू दिला नाहीच. एखाद्या प्रथेने बाईमाणसाचा, लेकराचा किंवा दाराबाहेर ठेवलेल्या माणसाचा हक्क जात असेल, तर न्यायालयाने आत यायलाच हवे, हे त्यांनी ठासून लिहिले. पण अत्यावश्यक काय हे ठरवणे न्यायाधीशांचे काम आहे, हे आपले मत त्यांनी मागे घेतले. एका रुग्णाच्या दंडावरच्या गंड्याने आपल्याला चुकीचे ठरवले, असे लिहिले, आणि ते लक्षात आणून देणारा म्हणून माझे नाव घातले. नाव काढा, अशी विनवणी मी केली. त्या ऐकत नाहीत.

मी पासवर्डही परत देऊ केला. या वयात पुन्हा असे झाले तर काय, ही भीती मला अजूनही आहे. बाई म्हणाल्या, "रामनाथभाऊ, न घाबरता चुकणारे मला कॉलेजात पुष्कळ भेटले. पासवर्ड तुमच्याकडेच राहू द्या."

आता शेख सरांची तक्रार आहे की बाईंनी गरजेपेक्षा जास्त मान्य केले. त्यांचे ते म्हणणे बाईंनी परवाच मांडायला घेतले आहे. डोळ्यांना त्रास होतो, म्हणून त्या सांगतात आणि मी लिहून घेतो. ते पुरे होवो, त्यावर सरांचे उत्तर येवो, त्यावर पुन्हा बाईंचे. वाद मिटावा असे मी म्हणणार नाही. बाईंची नजर शाबूत राहो, गुडघे चालते राहोत, आणि समोरच्याचे ऐकून घ्यायला त्यांना अजून पुष्कळ वर्षे मिळोत.