मुशी पाठीला घासून गेली

मंडळींनो, क्लबाच्या फळ्यावर एवढं लांब कुणी लिहीत नाही, पण आज सकाळचं सांगितल्याशिवाय मला झोप लागणार नाही.

इंग्रजांच्या काळी गोदीत पाणबुड्याचं काम केलेला माझा पास्कूमामा मला ते काम शिकवतोय. मढच्या किनाऱ्यासमोर बुडालेल्या होडीपाशी आज मी पहिल्यांदा एकटा उतरलो. डोक्यावर तांब्याचा टोप, हवेची नळी वर पंपाला जोडलेली. भीती एकाच गोष्टीची होती, मुशीची, म्हणजे शार्कची.

तळाशी गढूळ अंधार होता. तेवढ्यात पाठीवरून काहीतरी खरखरीत घासत गेलं. ते संपतच नव्हतं.

कमरेचा दोर ओढला की मामा मला वर खेचणार होता. पण माझा हातच हलेना.

ती वळून आली. टोपाच्या काचेसमोर एक डोळा थांबला. त्यात राग नव्हता, भूकही नव्हती. मग ती निघून गेली. होडी वर काढायची साखळी मी तिला बांधली आणि वर आलो.

"दोर का नाही ओढलास रे?" मामाने विचारलं.

"ती माझ्यासाठी आली नव्हती, मामा."

"उद्या उतरशील?"

"उतरेन."

भीती गेली, पण तो डोळा जात नाही. तुमच्याकडे कधी कुणी असं पाहिलंय का, तुम्ही तिथे नसल्यासारखं?