कानबाई अंगात आली नव्हती

देवानंच मला देवघरातून उठवलं आहे, असं गेली काही वर्षं मला वाटत होतं. कारण माझी अर्धशिशी. अगरबत्तीचा वास, घंटेचा आवाज, समईची ज्योत, एखादा कडक उपास, यातलं काहीही माझं डोकं उठवायला पुरेसं असायचं. जळगावच्या डॉक्टरांनी शांतपणे समजावलं, की श्वास, नाडी, घाम, पोट हे सगळं आपल्याला न विचारता चालवणारी एक स्वायत्त मज्जासंस्था शरीरात असते. अर्धशिशीत तिचाही तोल जातो, म्हणून मळमळतं, हातपाय गार पडतात. तिच्याशी भांडू नका, वेळेवर जेवा, झोपा, असं ते म्हणाले. आमच्या घरात मला विचारल्याशिवाय कुकरही चढत नाही, आणि माझ्याच शरीरात माझ्या परस्पर एवढा कारभार चालतो, हे ऐकून मला दिलासा नाही, रागच आला.

श्रावणात धुळ्याला सासरी कानबाई, आम्हा खानदेशींची देवी, बसते. रविवारी स्थापना, रात्रभर गाणी, सोमवारी सकाळी पांझरा नदीवर विसर्जन. सासूबाईंचे गुडघे गेल्यापासून देवीचा चौरंग डोक्यावर घ्यायचा मान मोठी सून म्हणून माझ्याकडे आला. गेल्या वर्षी जागरणानं माझे डोळे जड झालेले पाहून धाकटी जाऊ म्हणाली, "ताई, मी घेते." मी ऐकलं नाही. आरतीला मी दाराबाहेर उभी राहायची, उपास सुटले होते. हेही सुटलं तर देवाच्या दारी माझं उरलं काय, ही भीती मला खात होती.

चौरंग डोक्यावर घेऊन नदीकडे निघाले, आणि अर्ध्या वाटेत डोळ्यांपुढे लकाकती नागमोडी रेघ आली आणि अर्धी गल्ली दिसेनाशी झाली. दरदरून घाम फुटला, अंग थरथरू लागलं. सासूबाईंनी ते पाहिलं आणि हात जोडले. "अंगमा उनी व माय," त्या म्हणाल्या. देवी माझ्या अंगात आली, असं त्यांना वाटलं. मग काय विचारता! ढोलवाले जवळ सरकले, कुणी नाकाशी धूप धरला, कुणी पायांना हळदकुंकू लावलं. "डोकं दुखतंय," असं मी कसंबसं म्हणाले, तर बायका तेही देवीचे बोल समजून पाया पडू लागल्या. चौरंग निसटतोय हे मला कळत होतं. मनात म्हणाले, माय, माझ्यानं नाही होत, आता तूच बघ. आयुष्यभर मी देवाकडे मागणी केली होती, हार कधी मानली नव्हती.

मागून दुसऱ्या घराची कानबाई येत होती. तिच्यासोबतची एक म्हातारी गर्दीतून पुढे आली आणि तिनं ढोलावर हात ठेवला.

"वाजं बंद करा. अंगमा देवी नही शे. पोरनं डोकं दुखी राह्यनं. माले बी हाईच दुखनं शे."

तरी मी चौरंग सोडेना. तेव्हा ती माझ्या कानाशी हळूच म्हणाली, "दुसरीना डोकावर दे, माय. देवी तठे बी तीच शे."

जावेनं चौरंग घेतला. म्हातारीनं आपला पदर माझ्या डोळ्यांवर ओढला आणि माझा हात धरला. ढोल पुन्हा वाजला नाही. बायका हलक्या आवाजात गात होत्या आणि दोन घरांच्या दोन कानबाया माझ्या पावलाच्या बेतानं नदीकडे निघाल्या. डोकं ठणकत होतं, पण श्वास हळूहळू लांब झाला. त्यासाठी मी काहीच केलं नव्हतं.

घाटावर मला पाणी पाजून ती आपल्या कानबाईमागे गेली. तिचा चेहराही मी नीट पाहिला नाही. ती कोण, कुठल्या गावची, याचा शोध मी घेतला नाही. तिला कुणी पाठवलं असेल, यावर कुणाशी वाद घालायचाही नाही. औषधं चालूच आहेत, दुखणं पुष्कळ कमी झालं आहे. श्वास मी चालवत नाही, नाडी मी चालवत नाही, याचा आता राग येत नाही. तेवढं ओझं तरी माझ्यावर नाही, याचं बरंच वाटतं.

यंदा चौरंग जावेच्याच डोक्यावर होता. सासूबाईंनी मला आधी पोटभर जेवू घातलं आणि ढोलवाल्यांना स्वतः पुढे पाठवलं. मी रिकाम्या हातांनी मागून चालले. देवीच्या इतक्या जवळ मी कधीच नव्हते. पांझरेवर मागायला म्हणून हात जोडले आणि मागायचं काही आठवेचना. मग बराच वेळ तशीच उभी राहिले.